रसायनशाळेची वाट

आमच्या पिढीपर्यंत महाविद्यालयात नव्याने शिरलेल्या विद्यार्थ्यास रसायनशास्त्राची पहिली ओळख नाकावाटे होत असे. रत्नागिरीचा आषाढातला पाऊस बाहेर कोसळत असावा, व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग लागलेली असावी, आणि पलीकडच्या लांबट दालनातून सडक्या अंड्यांसारखा उग्र दर्प यावा, असा तो योग असे. हा दर्प हायड्रोजन सल्फाइड वायूचा. घरी आल्यावर आजी अंगावरचे कपडे पडवीतच उतरावयास सांगे. व्याख्यानाच्या दालनात मात्र असे काही नसे. तेथे फळा, खडू, बाके आणि प्राध्यापकांचा आवाज एवढेच साहित्य. एकाच विषयाची ही दोन दालने. एकात ऐकावयाचे, दुसऱ्यात करावयाचे. वेळापत्रकात ती शेजारी शेजारी छापलेली पाहून विद्यार्थ्यास वाटते की, ही जोडी प्रथमपासून अशीच चालत आली असावी. इतिहास पाहू गेल्यास निराळेच आढळते. ऐकण्याचे दालन आपल्याकडे फार आधी उघडले. करण्याचे दालन पुष्कळ मागाहून उघडले, आणि कोकणात तर त्याहूनही मागाहून. या मधल्या अंतराने आपल्या विद्येला जे वळण लावले त्याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, युरोपातही ही जोडी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील रसायनाचे शिक्षण म्हणजे मुख्यत्वे व्याख्यान होते. अध्यापकाने मेजावर प्रयोग करून दाखवावा, श्रोत्यांनी दुरून पाहावा आणि टाळ्या वाजवाव्यात. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही याची व्याख्याने ऐकावयास प्रतिष्ठित स्त्रीपुरुषांची गर्दी होई. जेन मार्सेट नावाच्या बाईंनी ती ऐकून १८०६ साली संवादाच्या रूपाने रसायनावर एक पुस्तक लिहिले. पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या एका गरीब मुलाने ते वाचले, त्यातील जेवढे प्रयोग पदराच्या पैशांत साधतील तेवढे स्वतः करून पाहिले, आणि १८१२ साली डेव्हीची व्याख्याने ऐकून त्यांची टिपणे त्याच्याकडे पाठविली. हा मुलगा म्हणजे मायकेल फॅरडे. पुस्तकातील विधान करून पाहिल्यावाचून मानावयाचे नाही, हा त्याचा बाणा होता. पण त्या वेळी तो एकट्यादुकट्याचा बाणा होता, शिक्षणाची पद्धती नव्हती.

ती पद्धती जर्मनीतील गीसेन या लहानशा गावी तयार झाली. १८२४ साली युस्टुस लीबिग हा अवघा एकवीस वर्षांचा तरुण तेथे प्राध्यापक म्हणून आला. शिपायांच्या जुन्या चौकीची एक इमारत त्याला मिळाली. तीत त्याने विद्यार्थ्यांना रांगेने उभे केले आणि प्रत्येकाच्या हाती पदार्थ देऊन तो कशाचा बनला आहे हे शोधून काढावयास लावले. पुढे त्याचा सहायक झालेल्या फ्रेझेनियसने १८४१ साली पदार्थांच्या परीक्षणाची क्रमवार रीत ग्रंथरूपाने मांडली. आजही पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पुडीतला पांढरा क्षार घेऊन पहिला गण, दुसरा गण असे करीत ज्या पायऱ्या चढतो, त्यांचे मूळ त्या ग्रंथाच्या परंपरेत आहे. १८४४ च्या सुमारास डेल्फ्टच्या किप याने वायू हवा तेव्हा मिळावा अशी काचेची तीन गोलांची योजना काढली. १८५५ साली हायडेलबर्ग येथे बुन्सेनचा दिवा आला. प्रयोगशाळेचे नेपथ्य बहुतेक तेव्हाच पुरे झाले.

या पद्धतीची फळे काय आली हे हिंदुस्थानास लवकरच आपल्या अंगावर कळावयाचे होते. १८४५ साली लंडनमध्ये रसायनाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले आणि त्यावर लीबिगचा शिष्य हॉफमन याची नेमणूक झाली. त्याचा विद्यार्थी विल्यम पर्किन हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने करता येते का हे सुट्टीत घरी पाहत होता. क्विनीन साधले नाही. नळीत काळपट गाळ उरला. दुसऱ्या कोणी तो फेकून दिला असता. अठरा वर्षांच्या पर्किनने तो धुऊन पाहिला, आणि १८५६ साली जगाला पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला कृत्रिम जांभळा रंग मिळाला. त्याच वाटेने पुढे जात जर्मन कारखानदारांनी १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली, आणि आमच्या बिहारातील निळीच्या धंद्याचा पाया थोड्याच वर्षांत खचला. एका विद्यार्थ्याने पुस्तकात नसलेला गाळ जसा दिसला तसा नोंदला, त्यापासून हे सारे निघाले हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता आपल्याकडे वळू. मराठीत नव्या शास्त्रांचा प्रवेश लवकर झाला. पोंभुर्ले हे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील, आताच्या सिंधुदुर्गातील, लहानसे खेडे. तेथले बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन विद्यालयात अध्यापक झाले आणि १८३२ साली त्यांनी 'दर्पण' काढले. हरि केशवजी यांनी त्याच दशकात रसायनशास्त्रावर संवादरूप पुस्तक मराठीत आणले. १८५० साली 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक निघाले, आणि हवा, पाणी, धातू यांवरील माहिती घरोघर जाऊ लागली. आपल्या पूर्वजांनी नवे ज्ञान नाकारले असे म्हणणाऱ्याने हा काळ पाहावा. शब्दांच्या वाटेने ते ज्ञान आपण फार उत्साहाने घेतले.

हाताच्या वाटेने मात्र ते एकाच दारातून आले, आणि ते दार वैद्यकाचे. १८४५ साली, म्हणजे लंडनचे रसायन महाविद्यालय निघाले त्याच वर्षी, मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे हर्बर्ट जिरॉ हे रसायनाचे प्राध्यापक होते. भाऊ दाजी लाड हे या महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकी. औषध बनवावयाचे, विष ओळखावयाचे, तर हात भिजविल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून वैद्याला प्रयोग शिकविणे भाग पडले. इतर विद्यार्थ्यांना तसे भाग पडले नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. ते प्रथम शिकविणारे विद्यापीठ नव्हतेच, ते परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. परीक्षेचा कागद शब्दांनी भरतो, आणि शब्द पाठ करण्यात आपला हातखंडा पिढ्यान्‌पिढ्यांचा. वेद मुखोद्गत करणाऱ्या समाजाला गंधकाम्लाचे गुणधर्म मुखोद्गत करणे अवघड ते काय!

हा दोष सर्वस्वी परकीय सरकारच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु एका थोर रसायनज्ञाने आपल्याच घराकडे बोट दाखविले. एडिंबरो येथे १८८७ साली डॉक्टरेट मिळवून परतलेले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकविणारे प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन भागांत, १९०२ व १९०९ साली, प्रसिद्ध केला. पारा मारणारे, जस्त गाळणारे, धातूंची भस्मे करणारे आपले पूर्वज किती पुढे गेले होते हे त्यांनी अभिमानाने दाखविले. आणि ही विद्या पुढे का खुंटली याचे कारणही तितक्याच निर्भीडपणे सांगितले. ज्यांच्या हाती पोथी होती त्यांनी भट्टी सोडली, आणि ज्यांच्या हाती भट्टी राहिली त्यांना पोथी मिळाली नाही. जातिभेदाने बुद्धी आणि हात यांची फारकत केली, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आहे. महाविद्यालयाच्या दोन दालनांचा प्रश्न हा अशा रीतीने आपल्या समाजरचनेचाच जुना प्रश्न आहे.

ही फारकत मोडण्याचा यत्न करणारी माणसे आपल्या बाजूसही निघाली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात बाळाजी प्रभाकर मोडक यांनी शास्त्रे शिकविली आणि रसायनशास्त्रावर मराठीतून ग्रंथ लिहिले. बडोद्यास १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन निघाले. त्याचे प्रवर्तक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर पुढे मुंबईस विल्सन महाविद्यालयात रसायनाचे प्राध्यापक झाले. १८९६ साली मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास कोणी डांबर फासले. तो डाग काढण्यास मोठमोठे जाणते थकले, तेव्हा गज्जरांनी रासायनिक उपायांनी तो काढून दाखविला. ज्या राजकीय कारणाने डांबर फासले गेले त्याबद्दल कोणाचे काही मत असो, एका देशी प्राध्यापकाच्या बाटलीत पुस्तकाबाहेरचे सामर्थ्य आहे, हे त्या दिवशी मुंबईस दिसले.

पण मुंबई ती मुंबई. कोकणातल्या मुलाला ती प्रयोगशाळा कशी दिसावी? या जिल्ह्याने विद्वानांची उणीव कधी भासू दिली नाही. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. गणिताला पाटी पुरते. रसायनाला पुरत नाही. ज्याला रसायन शिकावयाचे त्याने गाव सोडावयाचे, हा नियमच होता. आणि गाव सोडणे तरी सोपे कोठे होते? मुंबईची वाट दर्यावरची. बंदरातून पडावात बसावयाचे, लाटांवर हेलकावे खात आगबोट गाठावयाची, आणि गिरगावातल्या एखाद्या आप्ताच्या खोलीत पथारी टाकावयाची. त्यातही विद्यालये उघडावयाची जूनमध्ये, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद! मृग लागण्यापूर्वीची शेवटची बोट चुकली, तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे आणि तेथून आगगाडीने जावे. ज्याच्या घरी आंब्याच्या बागेचे चार पैसे येत, किंवा ज्याचा मामा मुंबईस नोकरीवर असे, त्याचा मुलगा गेला. बाकीच्यांची बुद्धी तालुका कचेरीत आणि शाळामास्तरीत विसावली. त्यांपैकी किती जण उत्तम रसायनज्ञ झाले असते, याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही.

१९४५ साली रत्नागिरीस महाविद्यालय निघाले. आज ते गोगटे-जोगळेकर महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. मुंबईच्या ग्रँट महाविद्यालयानंतर बरोबर शंभर वर्षांनी उच्च शिक्षण कोकणच्या या गावात आले. दोहोंमध्ये अंतर फक्त समुद्रकिनाऱ्याचे. काळाने मात्र ते एका शतकाचे झाले. ही गोष्ट मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्या मंडळींनी घरोघर हिंडून अशा संस्था उभ्या केल्या त्यांचे ऋण मानावे, म्हणून सांगतो. पदरचे तिकीट काढून परगावी न जाता, दुपारी प्रयोग करून संध्याकाळी घरच्या ताटावर बसता येणे, ही ज्या मुलांना साधी गोष्ट वाटते, त्यांच्या आजोबांना ती स्वप्नवत् होती. मुलींच्या बाबतीत तर हा फरक अधिकच मोठा. ज्या घराने मुलीला आगबोटीवर एकटी चढू दिले नसते, त्याच घराने तिला गावातल्या महाविद्यालयात जाऊ दिले.

मुलींचा उल्लेख आला म्हणून एक प्रसंग सांगणे अवश्य आहे. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, या मुंबई विद्यापीठातून १९३३ साली रसायन आणि पदार्थविज्ञान घेऊन अग्रक्रमाने पदवीधर झाल्या. त्यांचे वडील व चुलते हे बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनज्ञ. तेथेच शिकण्यासाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा संस्थेचे संचालक आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, मुलगी म्हणून, तो नाकारला. त्यांनी माघार घेतली नाही. अखेर एक वर्ष परीक्षणाखाली ठेवण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून पुढे इतर मुलींनाही ते दार उघडले. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या, आणि कालांतराने मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालिका झाल्या. ज्या मुलीची पदवी त्यांनी ऐकून घेतली होती, तिला प्रयोगाचे मेज मात्र द्यावयास ते तयार नव्हते. व्याख्यान उदार असते, कारण ऐकणाऱ्याने काही मागितलेले नसते. मेज मागणारा माणूस बरोबरीचा हक्क मागतो.

मेजाशी उभे राहिल्याने असे काय मिळते, की त्यासाठी एवढा आटापिटा करावा? याचे उत्तर माझ्या स्वतःच्या पहिल्या वर्षातील एका फजितीत आहे. नायट्रेट ओळखण्याची एक सुंदर परीक्षा आहे. क्षाराच्या द्रावणात फेरस सल्फेटचे ताजे द्रावण घालावे, नळी तिरपी धरून तिच्या कडेने तीव्र गंधकाम्ल हळूच सोडावे. दोन थर जेथे मिळतात तेथे तपकिरी वलय उमटते. मी आम्ल सोडले. वलय आले नाही. पुन्हा सोडले, नाही. शेजाऱ्याच्या नळीत डोकावलो, तेथेही नाही. परंतु पुडीत नायट्रेट आहे, ही बातमी आदल्या तुकडीकडून आम्हांस कळलेली होती. तेव्हा मी वहीत शुद्ध अक्षरांत लिहिले: तपकिरी वलय दिसले.

आमचे प्राध्यापक वह्या तपासत आले. त्यांनी माझी नळी उजेडाकडे धरली, वही वाचली, आणि शांतपणे विचारले, "काय रे, हे वलय तू पाहिलेस कोठे?" मी खाली पाहिले. मग त्यांनी फेरस सल्फेटची बाटली उचलून सर्वांना दाखविली. फिकट हिरवे असावयाचे ते द्रावण पिवळट झाले होते. कित्येक दिवस उघडे राहून हवेतील प्राणवायूने ते बिघडले होते; त्यात वलय येणे शक्यच नव्हते. त्या दिवशी वर्गातील एकाही मुलाच्या नळीत वलय आले नव्हते, आणि एकूण एक वहीत ते आलेले होते! "एकाने जरी 'दिसले नाही' असे लिहिले असते," ते म्हणाले, "तर बाटली खराब झाल्याचा शोध त्याच्या नावावर लागला असता." त्यांनी कोणाचे गुण कापले नाहीत. त्या वाक्याची बोच मात्र अजून गेलेली नाही.

पुढे अध्यापक झाल्यावर माझ्या ध्यानात आले की, ती लबाडी केवळ आळसाची नव्हती. ती शिकविलेली होती. वर्षानुवर्षे आम्हांस असे सांगितले गेले होते की, पुस्तकात आहे ते खरे, आणि नळीत दिसते ते पुस्तकाशी जुळले तरच खरे. शब्द आधी आले आणि वस्तू मागून आली, त्याचा हा परिणाम. ज्या समाजात व्याख्यानाचे दालन प्रयोगाच्या दालनाहून शंभर वर्षे वडील असते, तेथे धाकट्याने वडिलांची आज्ञा पाळावी असेच सर्वांस वाटते. पर्किनने आपला गाळ वहीत 'क्विनीन' म्हणून लिहिला असता, तर त्याला गुण मिळाले असते आणि जगाला रंग मिळाला नसता.

कोकणात तर वस्तू दारातच पडलेली आहे. रत्नागिरीच्या उत्तरेस काळबादेवी, नेवरे आणि केशवसुतांचे मालगुंड या किनाऱ्यांवरील वाळूत काळी झाक दिसते. ती इल्मेनाइट या खनिजाची, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम यांच्या संयुगाची. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर नावाच्या एका पाद्र्याने आपल्या भागातील अशीच काळी वाळू घरी आणून तपासली, आणि त्या तपासातून टायटॅनियमचा शोध लागला. पाद्र्याला जे सुचले ते आमच्या मुलांना सुचू नये असे काही नाही. आपल्या घराच्या भिंती ज्या जांभ्या दगडाच्या, तो म्हणजे पावसाने युगानुयुगे धुऊन मागे ठेवलेली लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. कोकमाच्या आगळात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते फसफसते आणि त्याचा तांबडा रंग पालटतो. आम्ल आणि अल्क यांचा पहिला धडा स्वयंपाकघरात तयारच आहे. तरी आमच्या प्रयोगशाळांतील पुड्या मुंबईच्या दुकानांतून येतात, आणि मुलगा काळबादेवीची वाळू तुडवीत महाविद्यालयात येऊन बाटलीतले लोखंड ओळखतो.

आता काळ पालटला आहे. कोकणात १९९८ पासून आगगाडी धावते. पावसाळ्यात वाट बंद होत नाही. पुष्कळ ठिकाणी तो दुर्गंधी वायू आरोग्याच्या कारणास्तव वापरातून गेला, आणि ते योग्यच झाले. २०२० सालच्या महामारीत महाविद्यालये बंद पडली, तेव्हा आम्ही यंत्राच्या पडद्यावरून व्याख्याने दिली. ती बहुतेक निभावली. प्रयोगही पडद्यावर दाखविले. त्यांत प्रत्येक वेळी वलय अचूक आले. त्या वेळी मला त्या पिवळट बाटलीची फार आठवण झाली. पडद्यावर द्रावण शिळे होत नाही, नळी तडकत नाही, आम्लाने सदऱ्यास भोक पडत नाही. म्हणून 'दिसले नाही' असे लिहिण्याचा प्रसंगही तेथे येत नाही. ज्या दालनात यावयास कोकणाला शतक लागले, ते सोयीच्या मोहाने पुन्हा ऐकण्याच्या दालनात विलीन होऊ देणे शहाणपणाचे नव्हे.

पहिल्या वर्षाला रसायन शिकणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण पुढे रसायनज्ञ होत नाहीत. कोणी बँकेत जातो, कोणी वकील होतो, कोणी आंब्याची बाग सांभाळतो. क्षारांचे गण त्यांच्या स्मरणातून चार वर्षांत उडून जातात, आणि त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. परंतु हिशेबाच्या वहीत, साक्षीच्या पिंजऱ्यात, ग्रामसभेच्या ठरावात, जे दिसले तेच लिहावयाचे आणि जे दिसले नाही ते लिहावयाचे नाही, एवढी सवय जर त्या लांबट दालनातून कोणी घरी नेली, तर त्या दालनावर झालेला खर्च वसूल झाला. घरातील मुलगा वा मुलगी या पावसाळ्यात महाविद्यालयात जाऊ लागली असेल, तर आईबापांनी तिचे गुण विचारण्यापूर्वी एकदा तिची प्रयोगवही मागून पाहावी. आणि तीत कोठे "दिसले नाही" असे लिहिलेले आढळले, तर तिच्या पाठीवरून हात फिरवावा.